जोडावरचं बोट

"बोट काढू नकोस. मी सांगेन तेव्हाच काढायचं."

एफ्राईनचा हा आवाज नेरेइदाच्या कानात होता तो शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातला. आता समोर खिडकीशी खुर्चीत बसलेला एफ्राईन काही सांगत नव्हता. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपकिरी फितीची दोन टोकं एकमेकांना भिडवली, वर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा ठेवला आणि त्यावर बोट दाबून धरलं. सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मनातल्या मनात एक 'नमो मरिया' म्हणून होईपर्यंत तिने ते तसंच धरलं. मग हलकेच उचललं. जोड बसला होता.

आठवडाभर ती हेच करत होती. शाळेच्या खानावळीतून घरी यायचं, भावाला भरवायचं, आणि मग त्या जुन्या रिळाची फीत हाताने थोडी थोडी सोडवत एकेक वाळलेला जोड नव्याने चिकटवायचा. चाळीस वर्षांपूर्वी एफ्राईनने दाढीच्या पात्याने कापून, जोडून बनवलेलं ते रीळ. त्याच्यावरच्या चिकटपट्ट्यांचा डिंक पिठासारखा भुरभुरला होता. रविवारचा दिवस जाऊन सोमवारी सकाळी एफ्राईनच्या मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया होती. आज शनिवार.

"नेरी! दार उघड गं, हात गळून पडतील माझे!"

एफ्राईनचा जुना दोस्त चेओ होता. तिने दार उघडलं तर घामाने निथळलेला चेओ आणि त्याच्या मिठीत सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर.

"लिफ्ट पुन्हा मेली," तो धापा टाकत म्हणाला. "चार जिने! हे धूड एफ्रा पूर्वी एका हातात उचलायचा."

"पूर्वी तुझं पोट मध्ये येत नव्हतं," नेरेइदा म्हणाली. "इथे ठेव. हळू. फितीला धक्का लागेल."

"कसा आहेस उस्ताद?" चेओने वाकून एफ्राईनच्या गालाला गाल लावला. "मेव्हण्याच्या तळघरातून काढलाय हा डबा. त्याच्यावर मांजर व्यालं होतं."

"बरं," एफ्राईन म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली तेव्हापासून त्याच्याकडे हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी 'बरं', राग आला तरी 'बरं', रात्री तहान लागून हाक मारायची तरी 'बरं'. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. पण डोळे पूर्वीचेच होते. तीस वर्षं त्याने दोन इमारतींचे बॉयलर सांभाळले होते आणि कुठल्या मजल्यावर पाइप ठोकतोय हे तो झोपेतून ओळखायचा. तसा माणूस आता साधं मीठ मागू शकत नव्हता.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली त्या दिवशी त्याने डाव्या हाताने कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशीही. तिने चादरी काढून दाखवल्या, आईचा फोटो काढून दाखवला. तो चिडून "बरं! बरं!" करत राहिला. फळीवर काय आहे ते नेरेइदाला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. ते काढायचं धाडस तिला होत नव्हतं.

त्याचं कारण तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

एफ्राईनला अतिदक्षता विभागात घेतलं, त्या पहाटे ती इस्पितळातल्या छोट्या प्रार्थनाघरात प्रॉव्हिडन्स माता मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसली होती. नवस बोलायचा तर काय द्यायचं? कॉफी सोडणं, अनवाणी चालणं तिला फार हलकं वाटलं. आई म्हणायची, जे दिल्यावर हाताला पोकळी कळते तेच द्यावं. नेरेइदाजवळ असं एकच काही होतं. शनिवारची संध्याकाळ. नवरा सोडून गेला, आई गेली, मूल झालंच नाही, पण शनिवारी संध्याकाळी एफ्राईन वर यायचा, ती हिरवी केळी तळायची, आणि रेडिओवर त्यांच्या तरुणपणीच्या फ्रीस्टाईल नावाच्या नाचाच्या गाण्यांचा सलग तास लागायचा. ठेका न तुटता एका गाण्यातून दुसरं निघायचं. पुढचं कुठलं येणार हे ती आधी ओळखायची आणि टाळी द्यायला हात पुढे करायची. यंत्राच्या ढोलांचा तो कोरडा खडखडाट, त्यावर रडवेल्या आवाजात गाणारी कुणी वस्तीतलीच पोर. ते ऐकताना खानावळीत दिवसभर उभे राहून सुजलेले तिचे पाय आपोआप हलायला लागायचे.

"ह्याला जिवंत राहू दे," ती मातेला म्हणाली होती. "मी ते संगीत पुन्हा कधी ऐकणार नाही. एक ठोकासुद्धा नाही."

एफ्राईन राहिला.

तिने बोललेलं पाळलं. कॅसेटांचं खोकं चेओला देऊन टाकलं. किराणा दुकानात तसलं गाणं लागलं की भरलेली टोपली तिथेच ठेवून बाहेर पडायची. भाचीच्या लग्नात नाच सुरू झाल्यावर गाड्यांच्या तळावर जाऊन उभी राहिली, थंडीत, चांगल्या चपला घालून. भाची अजून नीट बोलत नाही.

हे सगळं निभावलं असतं. पण गेल्या महिन्यात खिडकीखालून एक गाडी गेली, काचा उघड्या, आत तेच जुनं संगीत. नेरेइदा कानांवर हात दाबून न्हाणीघरात पळाली आणि नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तर शेजारच्या वयस्क बाई, दोन्या टाटा, हातात कॉफीचा कप धरून आ वासून बसलेल्या.

"अगं, गायला तो! गाण्याची शेवटची ओळ म्हणाला! शब्द, नेरेइदा, शब्द!"

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, होतं असं. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी असते. त्याच्या मनातलं, तरुणपणातलं काही असेल तर लावा. बाईंनी आधी चर्चची गीतं लावून पाहिली होती, नाताळची गाणी लावली होती. एफ्राईन भिंतीकडे बघत राहिला होता. "डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेत धोका असतोच," बाई जाताना हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा जे करायचं ते आधी करा."

म्हणून ती मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी फादर एलिसेओंकडे गेली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी हा नवस बदलून देऊ शकतो," ते म्हणाले. "तेवढा अधिकार आहे मला. ह्याच्याऐवजी रोज एक जपमाळ कर. देव इतका कडक नाही गं."

"तो नाही, फादर. पण मी बोलले होते."

"भीती वाटते? सोमवारची?"

"वाटते. पण नुसती भीती असती तर तुमचं ऐकलं असतं. मी काही दिलं आणि माझा भाऊ सकाळी उठून बसला. आता माझी सोय बघून ते परत मागू?"

फादरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी येऊन तिने फळीवरचं रीळ काढलं. ऐकायचं नाही असं ती बोलली होती. हात लावायचा नाही असं नव्हे. जोड तर मुक्यानेच लावायचे असतात.

आता टेपरेकॉर्डरवर उजवीकडे भरलेलं रीळ बसलं, डावीकडे रिकामं. एफ्राईन रिळं नेहमी शेवटाचं टोक बाहेर ठेवून गुंडाळायचा. सुरुवात सगळ्यांत आत, गाभ्याशी. तेव्हा वाजवण्याआधी सगळी फीत ह्या रिळावरून त्या रिळावर उलटी घ्यायला हवी होती. बाहेरचे बरेच जोड नवे झाले होते, आतले बाकी होते.

"हाताने फिरवायचं," नेरेइदाने चेओला बजावलं. "जोड आला की थांबायचं, तो नवा करायचा, मग पुढे. बटणाला हात लावू नकोस."

"अगं, मी लग्नांतून गाणी वाजवून पोट भरतो."

"तू कॉम्प्युटरवर वाजवतोस. त्याला डिंक नसतो."

एफ्राईन हसला. म्हणजे तोंडाची डावी बाजू हसली. तासभर काम नीट चाललं. मग एफ्राईनला न्हाणीघरात न्यायची वेळ झाली. तिने त्याच्या काखेत हात घातला, त्याला उठवलं, पावलापावलाने नेलं.

न्हाणीघराच्या दाराआडून तिला आधी एक गुणगुण ऐकू आली, मग ती चढत गेली, मग चाबूक हवेत फिरावा तसा सटासट आवाज.

"चेओ!"

ती एफ्राईनला तसाच सोडून धावू शकत नव्हती. त्याची पँट वर ओढून, नाडी बांधून, त्याला भिंतीच्या आधाराने बाहेर आणेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता भरलेल्या डाव्या रिळावरचं फितीचं टोक गरगर फिरत होतं आणि जमिनीवर, फ्रिजखाली, टेबलाच्या पायांपाशी बोटभर, नखाएवढे तपकिरी तुकडे पसरले होते. चेओ दोन्ही हात डोक्यावर धरून उभा.

"शेवटचंच राहिलं होतं, गं," तो म्हणाला. "म्हटलं, तू येईपर्यंत आटपून टाकावं. नुसता टेकला हात. आयुष्यभर बटण दाबून मागेच नेत आलोय मी."

नेरेइदाने एफ्राईनला खुर्चीत बसवलं. मग ती जमिनीवर बसली आणि तुकडे गोळा करायला लागली. कुठले ते तिला बघताक्षणीच कळलं. ती सोळा वर्षांची असताना एफ्राईनने तिला ह्याच इमारतीतल्या जुन्या घरात, न्हाणीघरात उभं करून माइकपुढे गायला लावलं होतं, फरशीमुळे आवाज घुमतो म्हणून. 'परत ये' एवढेच शब्द. मग त्या आवाजाच्या बऱ्याच प्रती फितीवर काढून त्याने त्यांचे पात्याने तुकडे केले होते. एकात एक जोडलेल्या गाण्यांच्या त्या रिळाच्या सुरुवातीलाच तिचा 'प' अडखळायचा, अडखळायचा, आणि मग ढोल कोसळायचे. कापलेले तुकडे तो तिच्या बाहीवर चिकटवून ठेवायचा. "हलू नकोस, तू माझी भिंत आहेस," म्हणायचा. एकेक जोड लागला की डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि म्हणायचा, "बरं. काढ बोट."

आता त्या तुकड्यांचा क्रम गेला होता.

"सोपं आहे," चेओ गुडघ्यांवर बसत म्हणाला. "एकेक तुकडा यंत्राच्या तोंडावरून हाताने ओढू. कान लावला की कळेल कुठला काय आहे. तुझाच आवाज आहे, तुलाच ओळखू येईल. लावू?" त्याने एक तुकडा उचलून बटणाकडे हात नेला.

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली की चेओ दचकला.

"काय नको? आता तरी पुरे कर की हे ढोंग!" त्याचा चेहरा लाल झाला. "आठवडाभर बघतोय, रीळ दुरुस्त करतेस पण ऐकायचं नाव काढत नाहीस. कॅसेटा माझ्या दारात टाकून गेलीस, कचरा टाकतात तशा. भाचीच्या लग्नात बाहेर जाऊन उभी. संत नेरेइदा! लाज वाटते आमची? सरळ सांग ना. तुझ्यापेक्षा ह्याला जास्त लागलंय ते. विचार त्याला!"

तिने एफ्राईनकडे पाहिलं. तो खाली बघत होता. आणि तिला कळलं, की दोन वर्षं हाही तेच समजत बसलाय. आपल्या बहिणीला ह्या सगळ्याची घृणा आली, आपण जे केलं त्याची, आणि ते विचारायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

बोललेला नवस बोलून दाखवायचा नसतो. पण भावाच्या त्या खाली गेलेल्या मानेपुढे तिला दुसरं काही सुचलं नाही.

"एफ्रा," ती जमिनीवरूनच म्हणाली. "तू आत होतास तेव्हा मी हे देऊन टाकलं. मातेला. तू राहावास म्हणून. मला एवढंच आवडायचं, म्हणून एवढंच दिलं."

नळ ठिबकत होता. चेओने हातातला तुकडा टेबलावर ठेवला, अंडं ठेवावं तसा.

"आयुष्यभराचं?" त्याने विचारलं.

"हो."

"वेडी आहेस तू. खोकं तसंच आहे माझ्याकडे. एकही कॅसेट लावली नाही मी. रागात होतो तुझ्यावर."

एफ्राईनने मान वर केली. तो तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग डावा हात टेबलाच्या दिशेने लांब केला, बोटं हलवली. आण, म्हणून.

तिने सगळे तुकडे ताटलीत घालून त्याच्यापुढे ठेवले. त्याने एक उचलला, उजेडात धरला. मागच्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीचा अंधुक पिवळा बाण होता. त्याने तो बाण खिडकीकडे करून ठेवला. मग त्याहून लहान तुकडा त्याच्याशेजारी. मग त्याहून लहान. नेरेइदाला एकदम आठवलं, अडखळण्याचा वेग वाढत जायचा, म्हणून तुकडे आखूड होत जायचे. जिना उतरावा तसे. ऐकायची गरजच नव्हती. तीही पुढे सरकली. तो एक ठेवायचा, ती पुढचा शोधून त्याच्या हातात द्यायची, चुकला तर तो "बरं!" करून परत फेकायचा, आणि तिला हसू यायचं. चेओ फ्रिजखाली हात घालून, धुळीने माखून उरलेले तुकडे काढत होता आणि स्वतःलाच शिव्या देत होता.

दुपार कलायला लागली तेव्हा फीत पुन्हा एकसंध झाली होती. शेवटचा जोड राहिला. तिने टोकं भिडवली, पट्टी ठेवली, बोट टेकवलं.

"किती वेळा वाजेल?" चेओने हळूच विचारलं.

"एकदा वाजली तरी खूप. आतली फीतच ठिसूळ झालीय. तुटली तर ओढू नकोस, आधी बंद कर. पट्टी इथे आहे, कात्री इथे. रिळावर हात एफ्राईनचा राहू दे, त्याला कळतं कधी धरायचं."

"मी फोनवर भरून घेतो. त्याने काय म्हटलं, कसं म्हटलं..."

"घे. त्याच्यासाठी घे. बाईंना दाखव."

"आणि तू?"

"मला नको दाखवूस, चेओ."

त्याने मान हलवली. तिने चुलीवरचा तुरीच्या दाण्यांचा भात झाकला, एफ्राईनच्या गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला, डोक्याला ओढणी बांधली. चेओने खिडकी पूर्ण उघडली. असं ठरलं, की ती रस्त्यावरच्या रेल्वेपुलाखालून पलीकडे जाईल, कोपऱ्यावर पोचली की हात वर करेल, आणि तेव्हाच तो बटण दाबेल.

ती टेबलापाशी परत आली. शेवटच्या जोडावर तिने पुन्हा एकदा बोट दाबलं आणि एफ्राईनपुढे धरलं, तेव्हा धरायची तसं. त्याने वाकून पाहिलं. जवळून, एक डोळा बारीक करून.

"बरं," तो म्हणाला.

त्या आवाजात भूक नव्हती, राग नव्हता. तो शहाऐंशी सालच्या खोलीतला होता. त्याच्यापुढे यायचं ते 'काढ बोट' आलं नाही. तिने थोडी वाट पाहिली, मग पिशवी घेतली आणि निघाली.

जिने तिने घाईने उतरले नाहीत. दारात घडीच्या खुर्चीवर दोन्या टाटा पंख्याने वारा घेत बसल्या होत्या.

"कुठे गं, भावाला सोडून?"

"चर्चमध्ये, दोन्या. मेणबत्ती लावून येते."

"मग सावकाश जा. ऊन आहे."

तिने रस्ता ओलांडला. डोक्यावरच्या पुलावरून आगगाडी धडधडत गेली, लोखंडी खांब थरथरले, फळवाल्याच्या छत्रीवर धूळ उतरली. गाडीचा आवाज विरेपर्यंत ती चालत राहिली. कोपऱ्यावर आल्यावर वळली. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत चेओ उभा होता, आणि त्याच्या कोपराशेजारी खुर्चीची पाठ, पांढऱ्या केसांचं डोकं.

नेरेइदाने हात वर केला. चेओ खिडकीतून दिसेनासा झाला.

ती पाठ फिरवून चर्चच्या दिशेला लागली. एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हाताचं बोट अंगठ्यावर घट्ट दाबलेलं होतं आणि ते तिने तसंच ठेवलं.